काळ्या चिमणीची राख : ‘फँड्री’तले बालपण आणि आपली समीक्षा

१

जुलै २०१४. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, महाविद्यालयात मी तेव्हा मराठी शिकवत होतो. आता जिल्ह्याचे नाव कागदोपत्री अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसलेले आहे. वाङ्मय मंडळाच्या मुलांनी आग्रह धरला म्हणून एका दुपारी आम्ही नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ पाहिला. भिंतीवर पांढरा पडदा, खिडक्यांना सतरंज्या, बाहेर पावसाची रिपरिप. चित्रपट संपल्यावर चर्चा ठेवली होती. पडद्यावर शेवटचा दगड येऊन आदळला, काळोख झाला, आणि दिवे लावल्यावरही बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. रोज पहिल्या एस्टीने येणारा, वर्गात कधी फारसे न बोलणारा. त्याने विचारले, “सर, जब्याची ती काळी चिमणी, तिला कल्पनाशक्ती म्हणायचं का अंधश्रद्धा?”

मी लगेच उत्तर दिले. अंधश्रद्धाच, पण लेखकाने ती प्रतीक म्हणून वापरली आहे, असे काहीतरी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि दोनच महिन्यांनी, १४ फेब्रुवारी २०१४ ला, ‘फँड्री’ प्रदर्शित झाला होता. त्या वातावरणात पक्षी जाळून त्याची राख मुलीवर टाकण्याच्या गोष्टीला दुसरे काय म्हणणार, असे मला वाटले. तो मुलगा “बरं सर” म्हणून खाली बसला.

माझे उत्तर चुकले होते, असे मला आज वाटते. चूक एका शब्दाची असती तर तिच्यासाठी लेख लिहिण्याची गरज नव्हती. पण ज्या सवयीतून ते उत्तर आले ती माझ्या एकट्याची नाही. मराठीत बालपणाच्या कथा आपण जशा वाचतो, शिकवतो आणि वाखाणतो, तीच ती सवय आहे. तिची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

‘फँड्री’ हा चित्रपट असला तरी त्याकडे मी इथे कथा म्हणून पाहतो आहे. मंजुळे मुळात कवी आहेत, आणि या चित्रपटाची बांधणी कादंबरीपेक्षा कथेला जवळची आहे. एका मुलाची एक इच्छा, तिच्या वाटेत येणारे एक काम, आणि शेवटी एक कृती जिचा निकाल आपल्याला सांगितला जात नाही. उपकथानके फारशी नाहीत. वाङ्मयीन अंकाच्या वाचकाला ही बांधणी ओळखीची वाटावी.

या कथेचे नगरशी नातेही आहे. मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. पण संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात घेतले, आणि ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा लघुपट तिथल्या अभ्यासातूनच आला. शाळेची ओढ असलेल्या एका मुलाची ती गोष्ट. त्यात पिस्तुल्या झालेला सूरज पवार पुढे ‘फँड्री’त जब्याचा दोस्त पिऱ्या झाला. ‘फँड्री’तल्या गावाचे नाव अकोळनेर. या नावाचे गाव नगरपासून थोड्याच अंतरावर, दौंड-मनमाड लोहमार्गावर आहे. आमच्याकडे हे नाव दोन कारणांनी लोकांना माहीत असते. तिथे इंधनाचे डेपो आहेत, आणि कीर्तनकार दासगणू महाराजांचे ते जन्मगाव आहे. त्या नावाच्या गावात पडद्यावर काय घडते ते थोडक्यात सांगतो.

जांबुवंत कचरू माने, म्हणजे जब्या, हा कैकाडी कुटुंबातला शाळकरी मुलगा. घर गावाच्या कडेला. गावात डुकरे फिरतात, आणि ती धरण्याचे काम याच घराकडे येते. जब्याला वर्गातली शालू आवडते. शालू वरच्या जातीतली. जब्या तिच्याशी एकदाही धड बोलत नाही. सायकलचे दुकान चालवणाऱ्या चंक्याने त्याला एक गोष्ट सांगितलेली असते: काळी चिमणी मारून जाळायची, तिची राख मुलीवर टाकायची, की ती मुलगी आपली होते. जब्या आणि पिऱ्या गलोल घेऊन माळावर, काट्याकुट्यांत चिमणीमागे हिंडतात. इकडे बहिणीचे लग्न ठरते, हुंड्याला पैसे हवेत, आणि जत्रेत डुकरांचा उपद्रव झाल्यावर गावातली मोठी माणसे कचऱ्याला डुकरे धरायला सांगतात. सगळे कुटुंब त्या कामाला जुंपले जाते, तेही शाळेच्या शेजारी, सगळा गाव बघत असताना. शालूही बघत असते.

‘फँड्री’ हा शब्द कैकाडी बोलीतला. अर्थ डुक्कर. घरातल्या बोलीतला एक साधा शब्द गावातल्या पोरांच्या तोंडी शिवी होऊन परत येतो. चित्रपटाचे नावच असे त्या मुलाच्या घरातून उचललेले आणि गावात विटंबलेले आहे.

३

आता त्या प्रश्नाकडे वळतो. मराठी वाचकाला बालपणाचे कल्पनाविश्व नवे नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन आपल्याला किती प्रिय आहे! ‘वनवास’ १९९४ मध्ये पुस्तकरूपाने आले, आणि ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ यांतून तो मुलगा आपल्या घरचाच झाला. तो आई-वडिलांपासून दूर, सीमाभागातल्या एका गावात आजी-आजोबांकडे राहतो. आपल्याला असे का ठेवले आहे, हे त्याला नीट उमगलेले नसते. त्या दूरपणाची ठसठस कथांत खोलवर असते, आणि तिच्यावर लंपनच्या विलक्षण मनाची, त्याच्या शब्दांची, त्याच्या दिसण्या-ऐकण्याची झालर असते. आपण त्याला निरागस म्हणतो, संवेदनशील म्हणतो. त्याच्या डोक्यात येणाऱ्या कशालाही आपण अंधश्रद्धा म्हणायला धजणार नाही.

नगरमधलेच आणखी एक उदाहरण घेऊ. रेव्हरंड टिळकांच्या नगरच्या घरी बालकवी ठोंबरे राहून गेले. त्यांची ‘फुलराणी’ शाळेत शिकलेला मराठी माणूस विरळा नसेल. एका कळीचे सूर्यकिरणावर प्रेम बसते आणि पहाटे सगळी सृष्टी मिळून त्यांचे लग्न लावते. पाहिले तर इथेही एक दुबळा जीव आणि एक दूरचा, उजेडातला प्रियकर आहे. मधले अंतर आभाळाएवढे, आणि ते मिटवायला सगळे जग मदतीला धावते. जब्याची चिमणी नेमके हेच मागते. फरक एवढाच की फुलराणीच्या लग्नाला वारा, पक्षी, दव असे सगळे वऱ्हाडी होतात, आणि जब्याच्या बाजूने एक पिऱ्या आणि एक हरलेला चंक्या यांखेरीज कोणी नसते.

एका मुलाच्या मनातल्या अशक्य गोष्टीला आपण कल्पनाशक्ती म्हणतो आणि दुसऱ्याच्या मनातल्या तशाच गोष्टीला अंधश्रद्धा. या दोन शब्दांमधली रेघ त्या गोष्टींच्या स्वरूपात सापडत नाही. मुलगा कोणत्या घरात बसून ती कल्पना करतो, यावर ती ठरते. पुस्तके असलेल्या घरातले मूल मनोराज्य करते. गावकुसाच्या कडेच्या घरातले मूल मात्र चळते, बिघडते, अडाणी ठरते. माझ्या तोंडून त्या दिवशी ही रेघच बोलली.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. लंपन काही पाखरू मारत नाही. कवितेतली कळी कुणावर राख टाकत नाही. जब्याचे मात्र ठरलेले आहे: मारायचे, जाळायचे, टाकायचे. हा विधी आहे, कल्पना नव्हे. आक्षेप खरा आहे. पण विधीकडे तो का वळतो, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. ज्या मुलाला मनातले बोलायला, लिहायला, चारचौघांत उभे राहायला जागा आहे त्याची इच्छा शब्दांत जाते. जब्या चिठ्ठ्या लिहितो, पण त्या द्यायच्या कशा? जीन्सची पँट हवी म्हणून चंक्याची सायकल घेऊन थंडगार पेप्सीकोला विकायला जातो, तर ती सायकलच गाडीखाली चिरडते. शालूला जिंकण्याचे जे जे मार्ग दुसऱ्या एखाद्या मुलाला सहज खुले असतील, ते तो एकेक करून पाहतो. ते सगळे बंद निघतात. उरते ती चिमणी.

४

या विधीत आणखी एक गोष्ट आहे. ती माझ्या ध्यानात फार उशिरा आली. राख अंगावर पडली की माणूस बदलतो, या समजुतीच्या मुळाशी काय आहे? स्पर्शाने माणसाची जात, ओढ, नाते बदलते, हे तिच्या मुळाशी आहे. आणि ही समजूत जब्याला कुठून मिळाली? चंक्याने फक्त चिमणीचा तपशील पुरवला. स्पर्शाच्या शक्तीवरचा विश्वास त्याला गावाने शिकवला आहे. डुकराचा स्पर्श झाला की विटाळ होतो, हे तो लहानपणापासून पाहतो. त्याच्या घरच्या कामानेच त्याला ‘वेगळे’ ठरवले आहे. एका स्पर्शाने माणूस बाटत असेल, तर दुसऱ्या एखाद्या स्पर्शाने तो आपलाही होत असेल, असा हिशोब त्या मुलाने केला. विटाळाचे व्याकरण त्याने उलटे चालवून पाहिले. मग अंधश्रद्ध कोण? ज्याने ते उलटे चालवले तो मुलगा, की ज्यांनी ते सुलटे चालवून त्याला डुकरामागे धाडले ते गाव?

हा मुद्दा मला सुचला तो दुसऱ्या एका पुस्तकामुळे, आणि त्या पुस्तकाचेही नगरशी नाते आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्याचा मोठा भाग नगर आणि राहुरी इथे गेला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात पुस्तकरूपाने आली. त्यांतले बालपणाचे भाग मी कितीतरी वर्षे वर्गात हसत हसत शिकवले. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना, नानांना, सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेले धान्य धुऊन वाळवल्याशिवाय घरात घ्यायचे नाही, अमक्याला शिवायचे नाही, तमक्याची सावली नको. या वेडाचा सगळा भार आईवर आणि मुलांवर. घर म्हणजे एक न संपणारी धुणीधाणी. लक्ष्मीबाई हे सांगतात ते अशा मिश्कीलपणे की वाचणाऱ्याला हसू येते, आणि मग जरा वेळाने त्या माऊलीची कीव येते.

बिघडलेल्या घरातले बालपण म्हणतात ते याहून वेगळे काय असते? एक माणूस मनाने मोडला, त्याच्या मोडण्याखाली सगळे घर दबले, आणि एक चुणचुणीत मुलगी त्यातून हसण्याची वाट काढत मोठी झाली. तरी मी, आणि माझ्यासारख्या अनेकांनी, नानांना विक्षिप्त म्हटले, फार तर वेडे. कचऱ्याविषयी बोलताना मात्र आमची भाषा बदलते: दारू, अज्ञान, लाचारी. नानांच्या घरात स्पर्शाची भीती होती, आणि त्या भीतीत भरडला गेला तो घरातला माणूस. कचऱ्याच्या घराबाहेर तीच भीती आहे, आणि तिथे भरडले जाते सगळे घर. वेड एकच. एका घराने ते पाळले आणि दुसऱ्या घराने ते भोगले, एवढाच फरक.

लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे की त्यांनी स्वतःच पुढे हे वेड पायाशी टाकले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण जातीचा विचार मनातून काढण्याची लढाई त्या आधीपासून स्वतःशीच लढत होत्या. ती त्यांनी लिहून ठेवली. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘फँड्री’ शेजारी ठेवून पाहिल्यावर मला त्या मुलाच्या प्रश्नातले मर्म कळले. सोवळे ही चमत्कारावरची श्रद्धा नव्हे काय? पाण्याने, शेणाने, मंत्राने माणूस शुद्ध होतो आणि सावलीने अशुद्ध होतो, हे काळ्या चिमणीपेक्षा अधिक शास्त्रीय आहे काय?

५

कचऱ्याकडे थोडे अधिक थांबून पाहायला हवे, कारण घराच्या मोडतोडीचा प्रश्न त्याच्याभोवती आहे. किशोर कदम यांनी, म्हणजे कवी सौमित्र यांनी, तो असा उभा केला आहे की त्याचा राग यावा आणि तो पोटात कळवळावा. तो दारू पितो. पोरावर ओरडतो, मारतो. पोराने शाळा सोडून कामाला लागावे असे त्याला वाटते. गावातल्या माणसासमोर तो वाकतो आणि घरी आल्यावर ताठ होतो. बापाच्या वागण्यातली ही दोन टोके जब्याला दिसतात, आणि पोराला बापाची लाज वाटू लागते. घरातली खरी फूट ही आहे.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) ही फूट आणखी खोल आहे, आणि तेही नगर जिल्ह्याचेच पुस्तक आहे. अकोले तालुक्यातल्या धामणगावचा दगडू मारुती पवार. त्याच्या बापाचा मुंबईतला गोदीतला रोजगार, कावाखान्यातली दाटीवाटी, बापाचे पिणे, मग गावाकडे परतणे. या आत्मकथनाची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. शिकून नोकरीला लागलेला दया पवार आणि गावातला दगडू हे दोन वेगळे गृहस्थ असल्यासारखे समोरासमोर येतात, आणि दगडू सांगत असतो. आपण याला निवेदनाची शैली म्हणून मोकळे होतो. पण ही शैली एका लहान मुलाने जगण्यासाठी केलेली युक्तीही आहे. जे सहन होत नाही ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर टाकायचे. ‘हे माझे नव्हे, दगडूचे’ असे म्हणता आले तर सांगता येते. अशा घरातल्या मुलाची कल्पनाशक्ती परीकथेकडे जातेच असे नाही. पुष्कळदा ती स्वतःचेच दोन तुकडे करण्याकडे जाते.

जब्याही असेच करतो. आरशात पाहतो, नाक सरळ दिसावे म्हणून चिमटा लावतो. शाळेतला जांबुवंत आणि डुकरामागे धावणारा जब्या यांना तो वेगवेगळे ठेवू पाहतो. चित्रपटाचा शेवटचा मोठा प्रसंग या दोघांना एकाच जागी, एकाच वेळी उभा करतो, आणि म्हणूनच तो सहन होत नाही. शाळेचे आवार. डुक्कर जवळजवळ हाती आलेले. तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब जागच्या जागी थिजून उभे राहते. डुक्कर निघून जाते. हसू येते आणि घशात आवंढा येतो. शाळेने शिकवलेला मान आणि गावाने लादलेले काम, दोन्ही त्या क्षणी त्याच देहात उभे असतात. पुढे डुक्कर हाती लागते, बांबूला बांधून खांद्यावरून नेले जाते, आणि मागच्या भिंतीवर बाबासाहेब आणि फुले दांपत्याची चित्रे असतात. दिग्दर्शक त्यावर काही बोलत नाही. चौकट स्थिर ठेवतो, एवढेच.

हे घर मोडलेले आहे का? आहे. पण मोडण्याचे कारण घरात शोधत बसलो तर आपल्याला बाप आणि बाटली सापडेल, आणि आपण तिथेच थांबू. कैकाडी समाज हा इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत गेलेल्यांपैकी. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, गेला. नगरसारख्या जिल्ह्यात हे लोक विमुक्त जातीत मोडतात, तर विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत. एकच माणूस, जिल्हा बदलला की कागद बदलतो. टोपल्या विणायचे पिढीजात काम प्लास्टिकच्या पाट्या-बादल्यांपुढे मागे पडले. मग जे काम कोणी करत नाही ते काम. अशा घरातला बाप मुलाला शाळेतून ओढतो तेव्हा तो दुष्ट नसतो. त्याला जे उद्या दिसते तेच तो आज करून घेतो. पण, आणि हा ‘पण’ सोडता येत नाही, मुलाच्या पाठीवर पडलेला हात त्याने हलका होत नाही. मंजुळे बापाला माफ करत नाहीत आणि खलनायकही करत नाहीत. मराठी कथेत असा बाप फार थोड्या वेळा आला आहे.

६

या कथेत मला न पटणारी एक गोष्ट आहे, आणि तीही त्याच दुपारी एका मुलीने काढली. ती म्हणाली, “सर, शालूला कुणी विचारलं का?” वर्गात हशा झाला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. काळ्या चिमणीच्या विधीत मुलीच्या होकाराला जागाच नाही. राख पडली की ती आपली. तिला काय वाटते हे कथेला माहीत नाही, आणि ते शोधण्याची घाईही कथेला नाही. शालू दिसते, हसते, डुकराची शिकार पाहते. तिच्या मनात कथा शिरत नाही. जब्याच्या नजरेतून सांगितलेली कथा असल्याने असे होणारच, असे उत्तर देता येईल. पण दुबळ्याची कल्पनाशक्तीसुद्धा दुसऱ्या दुबळ्यावर सत्ता गाजवण्याचे स्वप्न पाहू शकते, ही कडू गोष्ट कथेने पाहिलेली नाही, असे मला वाटते. तिच्या उलट ‘स्मृतिचित्रे’त मुलगीच बोलते. म्हणून तिथले बालपण एकाच वेळी सोसलेले आणि सांगितलेले आहे. ‘फँड्री’ पाहताना माझ्या मनात एक न लिहिलेली कथा राहून गेली: त्या दिवशी शाळेच्या आवारातून पाहणाऱ्या मुलीची.

हा दोष मान्य करूनही मी पहिल्या मुद्द्यावर ठाम आहे. कल्पनाशक्ती निर्मळच असते असा आग्रह धरणारे आपणच, म्हणून तर जब्याच्या चिमणीला आपण तिच्या यादीतून काढून टाकतो. मूल घरातल्या वेदनेतून काहीतरी घडवते. कधी ते गाणे असते, कधी परी, कधी दुसरे नाव, कधी राख. त्यातले सुंदर तेवढे वाङ्मय आणि बाकीचे अज्ञान, ही वाटणी वाङ्मयाची नव्हे.

७

त्या वर्गात एक गोष्ट कोणीच बोलले नव्हते, मीही नाही. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर अडीच महिन्यांनी, २८ एप्रिल २०१४ ला, आमच्याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात, खर्डा या गावी, सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. गावातल्या वरच्या जातीतल्या मुलीशी तो बोलतो, या कारणावरून त्याला मारले, असा आरोप होता. शाळेतून त्याला नेले, असे वर्तमानपत्रांत आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने सगळ्या आरोपींची निर्दोष मुक्तता केली. न्यायालयाच्या निकालावर भाष्य करण्याचा अधिकार माझा नाही. पण एक मुलगा मेला हे उरतेच.

‘फँड्री’ आणि खर्डा ही दोन नावे तेव्हा पुष्कळांनी एका वाक्यात लिहिली. मला ती जोडणी घाईची वाटायची. कथा म्हणजे भाकीत नव्हे. आज वाटते, जोडणी घटनेशी नाही, प्रश्नाशी आहे. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने मला वाङ्मयीन संज्ञा विचारली नव्हती. त्याचे गाव खर्ड्याहून फार लांब नव्हते. वर्गात आम्ही ज्या मुलाची चिमणी ‘प्रतीक’ म्हणून बाजूला ठेवत होतो, त्याच्याच वयाचा, त्याच्याच शाळेसारख्या शाळेतला एक मुलगा नुकताच गेला होता. त्याला विचारायचे होते की आमच्यासारख्यांच्या मनात जे येते त्याला तुमच्या पुस्तकात काय नाव आहे? मी त्याला नाव दिले, आणि ते नाव शाळेने, गावाने, सोवळ्याने आधीच देऊन ठेवलेलेच होते.

त्या मुलाची नंतर गाठ पडली नाही. पदवी झाल्यावर तो पुण्याकडे गेला असे ऐकले. पुढे मी निवृत्त होईपर्यंत ‘फँड्री’ दरवर्षी दाखवला, ‘स्मृतिचित्रे’तला नानांचा भाग त्याच आठवड्यात वाचून घेतला आणि ‘फुलराणी’ही. तिन्ही एकत्र ठेवून मुलांना विचारायचो: यातली कल्पनाशक्ती कोणती आणि अंधश्रद्धा कोणती? उत्तरे वेगवेगळी यायची. कोणी नानांना अंधश्रद्ध म्हणायचे, कोणी जब्याला, कोणी कुणालाच नाही. एका वर्षी एका मुलाने वहीत लिहिले की चिमणी शेवटपर्यंत सापडत नाही हे बरेच झाले, नाहीतर राख टाकूनही काही झाले नसते आणि मग जब्याकडे काहीच उरले नसते. त्यावर मी काही शेरा लिहिला नाही. फक्त खाली रेघ ओढली.